येमेनमध्ये पिठाचं पोतं कितीला? (संघर्ष आणि अर्थकारणाच्या विश्लेषकाचं काम)

सरोजा_पु

मागच्या महिन्यात एका धाग्यावर मी ओघात लिहिलं होतं की येमेन आणि तांबड्या समुद्राच्या राजकारणाचं विश्लेषण हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. त्यावर आठ-दहा जणांचे व्यनि (खासगी निरोप) आले. नक्की करता काय, पैसे कोण देतं, यात शिरायचं कसं? वेगवेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. केलं. त्याच काळात कॅम्पातल्या एका मौलवींकडे अरबी शिकायला जायचे. तेव्हा पुढचं काही ठरवलेलं नव्हतं, भाषेची ओढ होती इतकंच. २०१३ मध्ये अम्मानला एका संशोधन संस्थेत साहाय्यक म्हणून लागले आणि येमेनचा विभाग वाट्याला आला. वर्षभरात, सप्टेंबर २०१४ मध्ये, उत्तरेतल्या हुथी बंडखोरांनी राजधानी सना ताब्यात घेतलं. २६ मार्च २०१५ ला सौदीच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले.

माझा पहिला मोठा अहवाल त्याच उन्हाळ्यातला. चाळीस पानं. कोणती टोळी कुणाच्या बाजूला, इराणचा हात किती, रियाधचा हेतू काय, सगळं नीट मांडलेलं. निष्कर्ष असा काढला होता की हा देश नव्वद टक्के गहू बाहेरून आणतो, बंदरांची कोंडी झाली तर काही महिन्यांत सगळे वाटाघाटींना बसतील.

आमचे ज्येष्ठ सहकारी येमेनमधल्या ताइझ शहराचे होते. त्यांनी अहवाल चाळला, मिटला आणि मला विचारलं, "ताइझमध्ये आज पिठाचं पोतं कितीला आहे?"

मला माहीत नव्हतं.

"आणि होदेदाला, बंदरावर?"

तेही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर दोन फोन लावले, एक होदेदाच्या व्यापाऱ्याला, दुसरा ताइझमध्ये दुकान चालवणाऱ्या मेहुण्याला. पन्नास किलोच्या पोत्याचे दोन भाव माझ्याच अहवालाच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि म्हणाले, "एवढे पैसे रस्त्यात कुणाच्या तरी खिशात गेले. कुणाच्या, ते शोध. ज्याच्या खिशात जातात त्याला युद्ध थांबवायची घाई का असेल?"

कोंडीने लोक कंगाल होतात, पण नाक्यावर उभा असलेला माणूस श्रीमंत होतो, हे मी धरलंच नव्हतं. माझा अंदाज साफ चुकला. ते युद्ध पुढे सात वर्षं त्याच जोरात चाललं. त्या पानाची झेरॉक्स आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तेव्हापासून माझं काम म्हणजे भाव विचारणं. नकाशावर कुठला रंग किती पसरला हे बातम्यांत कळतं. तो रंग टिकणार की नाही, हे मात्र पगार, जकात, डिझेल आणि नोटा यांवरून कळतं.

नोटांचंच सांगते. युद्धाआधी एका डॉलरला २१५ रियाल पडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये हुथींविरोधी सरकारने मध्यवर्ती बँक सनाहून दक्षिणेतल्या एडनला हलवली. देशात दोन बँका झाल्या आणि उत्तरेतल्या सरकारी नोकरांचे पगार थांबले. मास्तर, नर्स, कारकून सगळे. एडनच्या बँकेने रशियातून नव्या नोटा छापून आणल्या. डिसेंबर २०१९ मध्ये हुथींनी त्यांच्या भागात त्या नोटांवर बंदी घातली, आणि एकाच देशात, एकाच नावाची, दोन चलनं झाली. सनामध्ये डॉलर सव्वापाचशे-साडेपाचशेच्या आसपास बांधून ठेवलेला. एडनमध्ये जुलै २०२५ मध्ये तो २,८०० च्या वर गेला होता.

हे ऐकून वाटतं की उत्तरेत बरं चाललंय. तसं नाही. तिथे भाव स्थिर आहे कारण बाजारात पैसाच नाही. एका मैत्रिणीने सनाहून जुन्या हजाराच्या नोटेचा फोटो पाठवला होता. चार ठिकाणी चिकटपट्टी, मधली घडी इतकी विरलेली की पलीकडचं बोट दिसावं. वाण्याने ती दोनदा परत केली आणि तिसऱ्यांदा कमी किमतीत घेतली. मार्च २०२४ मध्ये हुथींनी शंभर रियालचं नाणं काढलं तेव्हा जगाने त्याला राजकीय चाल म्हटलं. ती चाल होतीच, पण मला आधी ती नोट आठवली.

एडनकडचा रियाल कोसळण्याचंही ठळक कारण आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हुथींनी हद्रमौतच्या धब्बा तेलबंदरावर ड्रोन सोडले. सरकारची तेलनिर्यात बंद पडली आणि डॉलर येण्याची मुख्य वाटच आटली. त्या वर्षीचा युद्धविराम औपचारिकरीत्या संपला होता, तरी आघाड्या जवळपास जागच्या जागी होत्या. मोठी लढाई न करता एका बाजूने दुसऱ्याची तिजोरी बंद केली.

मराठी माणसाला या कामात एक गोष्ट सोपी जाते. तिकडच्या बाजाराचे शब्द आपल्या घरातले आहेत. सराफ म्हणजे तिथे चलन बदलून देणारा. हवाला, दलाल, हिशोब, रक्कम सगळे तिथलेच. आपल्या नाक्यावरची पूर्वीची जकात तिथे धर्माचा कर आहे आणि हुथींनी २०१८ मध्ये तिच्यासाठी वेगळं खातंच काढलं. मौलवींनी पहिल्या आठवड्यात हे शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा मला आजोबांची चोपडी आठवली होती.

दिवस कसा जातो? सकाळी एडन आणि सनाचे दर, मग होदेदाला इंधनाची किती जहाजं लागली ते, मग दोन्ही बाजूंच्या बातम्या. खरे फोन दुपारनंतर. तिकडे जेवणं उरकून लोक कात (आपला विड्यातला नव्हे, तिकडची तरतरी आणणारी हिरवी पानं) चघळायला बसतात, ती चार तासांची बैठक असते आणि माणूस तेव्हाच मोकळं बोलतो. संध्याकाळी लिहायचं. महिन्याला एक मोठं टिपण, आठवड्याला एक छोटं.

पैसे कोण देतं? अन्नधान्य वाटणाऱ्या संस्था, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, बँका, सरकारं, विद्यापीठं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१४ च्या ठराव क्रमांक २१४० ने येमेनसाठी तज्ज्ञांचं पॅनेल नेमलं, त्यात पैशाच्या व्यवहारांचा माग काढणारा माणूस असतो. तशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. सुरुवातीला मात्र सहा-सहा महिन्यांचे करार असतात. माझी पहिली चार वर्षं तशीच गेली.

विचारा काय विचारायचं ते. वेळ मिळेल तसं लिहीन.

नवशिका

ताई, मनापासून धन्यवाद. मी राज्यशास्त्र, तृतीय वर्ष, संगमनेर. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे सिद्धांत पाठ करायचे आणि पाच गुणांची टीप लिहायची. तुम्ही लिहिलंय तसं कुणी शिकवलंच नाही. एम.ए. कशात करू? संरक्षणशास्त्रात, राज्यशास्त्रात की अर्थशास्त्रात?

सरोजा_पु

पदवीचं नाव कुणी फार विचारत नाही. तरी निवडायचंच असेल तर मी अर्थशास्त्राकडे झुकेन, कारण राजकारण माणूस वर्तमानपत्र वाचून थोडंफार शिकतो, ताळेबंद वाचायला मात्र कुणी तरी बसवून शिकवावं लागतं. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे, दिल्लीत जेएनयू आहे. जिथे जाशील तिथे दोन गोष्टी स्वतःच्या हिमतीवर कर. एक प्रदेश धर आणि त्या प्रदेशाची भाषा शिक. पश्चिम आशियाच पाहिजे असं नाही. म्यानमार घे, श्रीलंका घे, आफ्रिकेतला सहाराखालचा साहेल पट्टा घे. सगळ्या जगावर बोलणारे खूप आहेत. एका जिल्ह्याच्या बाजाराबद्दल खात्रीने बोलणारा सापडत नाही.

निफाडचा_बागायतदार

धागा वाचला, आणि हा विषय आमच्या बांधापर्यंत आलेला आहे म्हणून लिहितो. २०२४ च्या हंगामात माझा थॉमसन द्राक्षांचा माल युरोपला जाणार होता. रेसिड्यू (औषधांच्या अंशाची) तपासणी पास, साखर भरलेली, मणी एकसारखा. खुडा सुरू करायच्या आठवड्यात निर्यातदाराचा फोन आला की जहाजं सुएझमधून जात नाहीत, आफ्रिकेला वळसा घालून जाणार, दोन आठवडे जास्त लागणार, भाडं वाढलंय, तेव्हा ठरलेल्या भावात जमणार नाही. माल वेलीवर तयार असताना माणूस काय करणार? दिला.

द्राक्षाचं असं आहे की प्रीकूलिंग करा, ग्रेपगार्ड टाका, रीफर कंटेनर लावा, तरी दिवस मोजलेले असतात. पोचेपर्यंत देठ तपकिरी पडतो आणि मणीगळ सुरू होते. तिकडे पेटी उघडल्यावर आधी देठच बघतात.

माझा प्रश्न असा आहे की हे आधी कळलं असतं का? आणि त्याच हिवाळ्यात कांदाही पडला. लासलगावला सगळे म्हणत होते हेही त्या समुद्रातल्या भानगडीमुळेच. खरं का?

सरोजा_पु

दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

कांद्याचं आधी. नाही, कांदा हुथींमुळे पडला नाही. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. भाव पडला तो त्यामुळे. शिवाय आपला कांदा मुख्यतः बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, दुबईकडे जातो. दुबईचं जबल अली बंदर इराणच्या आखातात आहे, त्या वाटेवर बाब अल-मंदब, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची सामुद्रधुनी, लागतच नाही. नकाशा उघडून बोट फिरवलं तरी कळतं. पण दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या की लोक त्यांची गाठ मारतात, आणि ज्याने बंदी घातली त्याला जाब विचारायचा राहून जातो. हा गुंता सोडवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात उपयोगी काम, असं मी मानते.

द्राक्षांचं. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी गॅलक्सी लीडर हे मोटारी वाहणारं जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलं. ते तुर्कस्तानहून गुजरातेत पिपावावला यायला निघालं होतं. डिसेंबरच्या मध्यात मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तांबडा समुद्र सोडला. तुमचा खुडा जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे चार ते सहा आठवडे हातात होते. तेवढ्यात बागेचं काही बदलता आलं नसतं, पण निर्यातदाराशी भाड्याची वाढ कुणी किती सोसायची हे लेखी ठरवता आलं असतं, काही माल आखाती बाजाराकडे किंवा बेदाण्याकडे वळवता आला असता. ही माहिती लंडनच्या विमा दलालाला पहिल्या दिवशी मिळाली. निफाडला पोचली ती भाव कापायच्या दिवशी. मला याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. मराठीत असं आठवड्याचं टिपण काढणारं कुणी असायला हवं होतं. मीही तेव्हा ते काढलं नाही.

आणि माझा त्या वेळचा अंदाजही सांगते. जानेवारी २०२४ मध्ये मी लिहिलं होतं की जहाजं उन्हाळ्यापर्यंत परततील. नाही परतली. हल्ल्यांचा खर्च मी मोजला होता, त्यातून हुथींना देशात आणि बाहेर मिळणारं वजन कमी मोजलं होतं.

चीफमेट

मी मर्चंट नेव्हीत, अलिबागचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये बल्क कॅरियरवर होतो, एडनच्या आखाताच्या तोंडाशी. त्या पट्ट्याला युद्धजन्य जाहीर केलेलं होतं, तिथून जायला नकार द्यायचा आम्हाला हक्क होता आणि गेलात तर त्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट. कॅप्टनने मेसरूममध्ये कागद ठेवला आणि एकेकाला विचारलं. एक जण उतरला, त्याच्या बायकोला आठवा महिना होता. बाकीच्यांनी सह्या केल्या. मीही केली.

रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, सगळे दिवे बंद, पडदे ओढलेले, एआयएस (जहाजाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) बंद, ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जात उभं राहून कुणीच बाहेर वाकायचं नाही. २६ जानेवारीला मार्लिन लुआंडा हे जहाज हल्ल्यात पेटलं होतं, त्यावर २२ भारतीय होते आणि आयएनएस विशाखापट्टणमची मुलं आग विझवायला चढली होती. ते सगळ्यांच्या डोक्यात होतं. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर तीन खलाशी गेले.

विम्याचं थोडं सांगतो, कारण ताईंच्या कामाशी जुळतं. युद्धाचा धोका म्हणून वेगळा प्रीमियम भरावा लागतो, जहाजाच्या किमतीवर, एका फेरीसाठी. आधी तो ०.०५ टक्क्याच्या आसपास असायचा. ऐन भरात १ टक्क्याजवळ गेला. पाच कोटी डॉलरचं जहाज असेल तर एकदा तिथून जायचे पाच लाख डॉलर. त्यापेक्षा आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून तेल जाळलेलं परवडतं. मालकाने आमच्या जिवाचा विचार केला असेलही, पण वाट बदलली ती या आकड्याने.

सरोजा_पु

चीफमेट, तुम्ही लिहिलेला शेवटचा परिच्छेद मी माझ्या प्रशिक्षणार्थींना वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर. लंडनच्या जॉइंट वॉर कमिटीने, म्हणजे विमा कंपन्यांच्या समितीने, डिसेंबर २०२३ मध्ये धोक्याच्या पाण्याची हद्द उत्तरेकडे वाढवली. त्या यादीतली एक ओळ बदलली आणि जगाचा व्यापार दहा-चौदा दिवस लांबला. इजिप्तचं सुएझचं उत्पन्न २०२३ मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होतं, २०२४ मध्ये चार अब्जांच्या आसपास आलं. कैरोत डॉलरची टंचाई, म्हणजे गव्हाची चिंता, म्हणजे पाव महाग. एका सामुद्रधुनीतून किती घरांपर्यंत धागा जातो बघा.

आकडेमोड

मी डेटावाला. आता तर हल्ल्यांच्या नोंदी तयार मिळतात. अ‍ॅक्लेड आहे, उप्सालाचा डेटा आहे. प्रत्येक घटनेची तारीख, अक्षांश-रेखांश, मृतांचा अंदाज. यावर प्रारूप चालवून संघर्ष कुठे भडकेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. मग फोन करत बसण्याची गरज किती उरते? प्रश्न खोचक नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

सरोजा_पु

मी रोज अ‍ॅक्लेड वापरते, तुमच्या लोकांचे उपकार आहेत. पण त्यात नोंद होते ती घडलेल्या गोष्टीची. जे घडायचं थांबलं ते दिसत नाही.

ताइझचं उदाहरण. शहर आणि पूर्वेकडचा हौबान भाग यांच्यातला रस्ता युद्धाने बंद झाला. दहा-पंधरा मिनिटांची वाट, ती डोंगरातून फिरून पाच-सहा तासांची झाली. अशी वर्षानुवर्षं. तुमच्या नकाशावर त्या फिरत्या वाटेवर फारसे ठिपके नसतात, शांत दिसते. पण त्या वाटेवर ट्रकवाला किती ठिकाणी पैसे देत होता, बाळंतीण किती वेळा वाटेत अडकत होती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. जून २०२४ मध्ये तो रस्ता उघडला. नोंदींत ती एक ओळ. माझ्या सहकाऱ्याचा मेहुणा त्या दिवशी नऊ वर्षांनी पलीकडच्या बहिणीकडे चालत जेवायला गेला. आठवडाभरात भाजीचे भाव दोन्ही बाजूंना जवळ येऊ लागले, तेव्हा मला खात्री पटली की ही उघडीप दिखाव्याची नाही.

आणखी एक, जे मला बाई असल्यामुळे कळतं. तिकडच्या घरांत पुरुष सहकाऱ्यांना आत जाता येत नाही, मी माजघरात बसते. घरात सोनं किती उरलं हे फक्त बायका सांगतात. आधी साखळी जाते, मग बांगड्या, सर्वांत शेवटी लग्नातला हार. हार विकायला निघाला की ते घर पुढच्या महिन्यात मुलाला लढायला पाठवायचा विचार करतंय असं मी समजते, कारण आघाडीवर गेलेल्याला शिधा मिळतो. हे कुठल्याही तक्त्यात नाही.

जुनी_पाने

छान चर्चा. मला यात आपला जुना नमुना दिसतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस थांबला, आणि मुंबई इलाख्यात कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी दख्खनच्या शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज दिलं. तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव कोसळला, त्यातच नव्या मोजणीने सारा वाढलेला. सावकाराने हात आखडला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यात सुप्याला लोकांनी सावकारांची घरं गाठली. खून फारसे झाले नाहीत. जाळले ते कर्जरोखे. कशावर राग होता हे त्या राखेवरूनच कळतं. सरकारने दख्खन दंगे आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला. सात समुद्रांपलीकडचं युद्ध, कापसाचा भाव, सुप्याचा बाजार. सरोजाताई करतात तेच विश्लेषण.

आणि एडनचं नाव आलं म्हणून. जानेवारी १८३९ मध्ये कंपनीने एडन घेतलं आणि ते मुंबई इलाख्याला जोडलं. तिथे १९५१ पर्यंत रुपयाच चालायचा. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून होते. १८७६–७८ च्या दुष्काळात त्यांनी खेड्यांची दैना पाहिली, १८७९ मध्ये बंड केलं. त्यांना ठेवलं एडनच्या तुरुंगात. फेब्रुवारी १८८३ मध्ये ते निसटले, पुन्हा पकडले गेले, अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारीला तिथेच गेले. हिशोब खात्यातला माणूस दुष्काळ बघून बंडाला उभा राहतो, यातही अर्थकारण आणि संघर्ष एकत्रच आहे.

सरोजा_पु

जुनी_पाने, हे वाचून अंगावर काटा आला. मी एडनला दोनदा जाऊन आले. ज्वालामुखीच्या विवरात वसलेल्या क्रेटर भागात उभं राहिलं की चारही बाजूंना काळा, कोरडा कातळ. तिथून पळून जाणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहूनच कळतं. त्या दिवशी मी फडक्यांचा विचार करत बराच वेळ उन्हात थांबले होते.

अभ्यासकांत यावर मोठा वाद झाला आहे. पॉल कोलियर आणि अँके हॉफलर यांनी आकडेवारी लावून म्हटलं की बंडामागे गाऱ्हाण्यापेक्षा लुटीची संधी जास्त असते. मला ते अर्धं पटतं. सुप्याच्या लोकांनी तिजोरी न लुटता कागद जाळले. गाऱ्हाणं खरं असतं, नाका नंतर उभा राहतो. पण एकदा उभा राहिला की नाकाच युद्ध चालवतो.

अभिजित_के

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही अम्मानमध्ये सुरक्षित बसता. येमेनी माणूस जीव धोक्यात घालून तुम्हाला फोनवर भाव सांगतो. तुमचं नाव अहवालावर येतं, डॉलरमध्ये पगार मिळतो. दुसऱ्याच्या दुःखावर ही कारकीर्द उभी आहे, असं तुम्हाला कधी वाटत नाही का?

सरोजा_पु

वाटतं. राग मानायचं कारणच नाही, हा प्रश्न मला पडला नसता तर मी हे काम करायला लायक नाही.

जून २०२४ पासून हुथींनी संयुक्त राष्ट्रांचे आणि संस्थांचे कित्येक येमेनी कर्मचारी पकडून नेले. हेरगिरीचे आरोप ठेवले. परदेशी विश्लेषकाचं काही बिघडलं नाही, बिघडलं ते तिथल्या माणसांचं. माझ्या ओळखीतले दोघे त्यात होते. त्या महिन्यात मी सनाला एकही फोन केला नाही. माहिती अपुरी पडली तर पडो. टिपणात स्वच्छ लिहिलं की या महिन्यात उत्तरेचे आकडे दिलेले नाहीत. वरून विचारणा झाली, मी कारण सांगितलं आणि आकडा दिला नाही.

बाकी जे करता येतं ते करते. येमेनी सहकाऱ्याने माहिती आणली आणि त्याला धोका नसेल तर त्याचं नाव माझ्या आधी. त्याच्या कामाचे पैसे त्याला, माझ्या करारातून. बोलणाऱ्याचं गाव, दुकान, आडनाव कुठेही लिहायचं नाही, माझ्या स्वतःच्या वहीतही नाही. याने तुमचा आक्षेप पूर्ण फिटत नाही हे मला माहीत आहे. पण २०२४ मध्ये एडन आणि सनाच्या बँकांचं भांडण इतकं टोकाला गेलं होतं की सहा बँकांचे परवाने रद्द झाले होते आणि परदेशातून येणारा घरखर्चाचा पैसा अडकणार होता. जुलैत संयुक्त राष्ट्रांच्या दूतांमार्फत दोन्ही बाजूंनी पाऊल मागे घेतलं. त्याआधी अनेक टिपणं त्या टेबलावर गेली होती, कोणत्या घरात महिन्याला किती रक्कम येते आणि थांबली तर काय होईल हे सांगणारी. त्यातलं एक आमचं होतं. त्याने किती फरक पडला ते मी सांगू शकत नाही. ते लिहिलं नसतं तर मला झोप लागली नसती.

मानसी_डोंबिवली

माझी मुलगी बारावीत आहे, तिला हेच करायचंय. आई म्हणून विचारते, पोट भरेल का? आणि मुलीच्या जातीला सुरक्षित आहे का?

सरोजा_पु

मानसीताई, पोट भरतं, पण उशिरा आणि सलग नाही. तिला अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राची पक्की पदवी असू द्या, म्हणजे हा रस्ता अडला तर बँक, विमा, शेतमाल-व्यापार यांत जागा मिळते. मुंबईतच जहाज आणि विमा कंपन्यांना आता अशी माणसं लागू लागली आहेत. सुरक्षिततेचं म्हणाल तर तिथे जाण्याचे दिवस वर्षातून थोडेच असतात, आणि जायचं की नाही हे शेवटी स्वतः ठरवायचं असतं. मी तीनदा नाही म्हटलं आहे. माझी आई अजूनही रोज रात्री फोन करते. त्याची तयारी तुम्ही ठेवा.

नवशिका

ताई, मी सुरुवात केली. संगमनेरच्या बाजार समितीत गेलो आणि टोमॅटोचा भाव विचारला. मग त्याच दिवशी नाशिकला मामांना फोन करून तिथला विचारला. फरक आला. वाहतूक, हमाली, तोलाई, आडत वजा केली तरी किलोमागे काही पैसे उरतात, ते कुठे जातात ते कळत नाहीये. दोन व्यापाऱ्यांनी दोन कारणं सांगितली.

सरोजा_पु

अगदी बरोबर जागी पोचलास. तिसऱ्याला विचार. आणि ट्रकच्या ड्रायव्हरला विचार, त्याला सगळं माहीत असतं. दोघांची कारणं वहीत तशीच लिहून ठेव, तारीख घाल, आणि तुला स्वतःला कोणतं पटतं आणि किती पटतं तेही लिही. "नक्की", "बहुधा", "शक्य आहे" हे तीन शब्द मोजून वापर. सहा महिन्यांनी वही उघड आणि कुठे चुकलास ते बघ.

निफाडचा_बागायतदार

नवशिका, माझ्याकडे २००९ पासूनच्या डायऱ्या आहेत. द्राक्ष, कांदा, मका. रोजचा भाव, कोणत्या व्यापाऱ्याने काय दिला, भाडं किती, डिझेल किती, बंदी कधी लागली, कधी उठली. कुणी कधी मागितल्या नाहीत. जानेवारीत खुडा सुरू होईल, त्याआधी या. पिंपळगावच्या फाट्यावर उतरा, तिथून मी न्यायला येतो. दोन दिवस लागतील वाचायला, राहायच्या तयारीने या.